चाळीस काळ्या चौकोनांपुढचा सरावपाठ

छात्रशिक्षक म्हणजे शिक्षक होण्याचं शिक्षण घेणारा विद्यार्थी. काही दिवस तो बाकावर बसून अध्यापनपद्धती शिकतो आणि काही दिवस एखाद्या शाळेत फळ्यापुढे उभा राहून पाठ घेतो. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ला महासाथ म्हटलं आणि पुढच्या काही आठवड्यांत या दोन्ही जागा एकदमच बंद झाल्या. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार त्या एप्रिलमध्ये १९०हून अधिक देशांत शाळा-महाविद्यालयं बंद होती आणि दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी घरी बसले होते. एवढ्या गर्दीत छात्रशिक्षकांचा गट लहान, त्यामुळे त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यांची अडचण मात्र दुहेरी होती. इतरांचं शिकणं पडद्यावर गेलं. यांचं शिकणंही गेलं आणि शिकवायला शिकणंही गेलं.

शिकवणं हे पुस्तकातून येत नाही, ते पाहण्यातून येतं. अनुभवी शिक्षक वर्ग कसा हाताळतो ते छात्रशिक्षक मागच्या बाकावरून पाहतो. मग स्वतः पाठ घेताना मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहतो. आणि त्याच वेळी मार्गदर्शक त्याला पाहत असतो. या तीन नजरांवर अख्खं शिक्षक-शिक्षण उभं आहे. महासाथीत तिन्ही नजरांच्या आड पडदा आला. नेमकं काय दिसेनासं झालं, त्याने काय बिघडलं आणि कोणत्या उपायांनी थोडंफार सावरलं, ते एकेक करून पाहू.

तेरा हजार तास आणि शून्य तास

समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली एक साधी पण दूरगामी गोष्ट मांडली. माणूस शिक्षक होण्याआधी स्वतः विद्यार्थी असतो आणि शाळा संपेपर्यंत त्याने शिक्षकांना सुमारे १३,००० तास शिकवताना पाहिलेलं असतं. वर्गात शिरल्यावर काय करायचं, हजेरी कशी घ्यायची, गोंगाट झाला की क्षणभर थांबून कसं बघायचं, हे त्याच्या अंगात नकळत मुरलेलं असतं. प्रशिक्षणात त्यातल्या काही सवयी मोडाव्या लागतात, काही घासूनपुसून घ्याव्या लागतात. पण पायाशी काहीतरी असतं.

ऑनलाइन वर्गाबाबत हा पायाच नव्हता. मार्च २०२०मध्ये ज्याला पडद्यावर पाठ घ्यायचा होता, त्याने तसा पाठ विद्यार्थी म्हणून बहुधा कधीच अनुभवला नव्हता. जो पहिला नमुना त्याच्यासमोर आला तो त्याच्याच प्राध्यापकांचा, आणि तेही पहिल्यांदाच हे करत होते. तास-दीड तास सलग व्याख्यान, मागे मजकुराने भरलेल्या सरकचित्रांची (स्लाइड्सची) रांग, शेवटी ‘काही शंका?’ आणि शांतता. छात्रशिक्षकांनी शाळेतल्या मुलांसाठी पाठ तयार केले तेव्हा तेही असेच निघाले. त्यात त्यांचा दोष नव्हता; जे पाहिलं तेच हातून उतरलं.

त्याच महिन्यात ऑनलाइन शिक्षणाचे अभ्यासक चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक फरक नीट मांडून ठेवला. विद्यापीठाचा एखादा अभ्यासक्रम पूर्ण ऑनलाइन करायचा तर त्याची आखणी आणि तयारी यांना एरवी सहा ते नऊ महिने लागतात, आणि शिकवणाऱ्याचा हात दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बसतो. इथे हातात काही दिवस होते. म्हणून जे घडलं त्याला ‘ऑनलाइन शिक्षण’ न म्हणता तातडीचं दूरस्थ अध्यापन म्हणावं, असं त्यांचं म्हणणं होतं. छात्रशिक्षकांच्या बाबतीत हा फरक आजही लक्षात ठेवायला हवा. ज्या तुकड्यांनी ते दिवस काढले, त्यांच्या मनात ऑनलाइन शिकवण्याचं चित्र म्हणजे त्या आणीबाणीचं चित्र आहे. ती सोय होती, पद्धत नव्हती.

प्रश्नानंतरची शांतता

सर्वांत जास्त घाम फोडला तो दुसऱ्या नजरेने, म्हणजे वर्ग न दिसण्याने.

प्रत्यक्ष वर्गात प्रश्न विचारला की शिक्षक उत्तराची वाट पाहत नुसता उभा नसतो. कोणाच्या भुवया वर गेल्या, कोण वहीत डोकं घालून बसलं, कोणाचा हात अर्धा वर येऊन खाली गेला, हे तो टिपत असतो. ती शांतता रिकामी नसते. पडद्यावर मात्र प्रश्न विचारल्यावर समोर चाळीस काळे चौकोन आणि त्यावर नावं. मूल विचार करतंय, त्याला प्रश्न कळला नाही, की ते जागेवरच नाही, हे कळायला मार्गच नाही.

त्यात काळाचा घोळ. दोन माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत साधारण २०० मिलिसेकंदांचं, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाचं अंतर असतं. दहा भाषांच्या तुलनेतून २००९ साली हे पुढे आलं. आपले कान या लयीला सरावलेले आहेत. इंटरनेटवर आवाज पोचायलाच वेळ लागतो. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा निकष आहे. घरगुती जोडणीवर, एकाच वेळी तीनजण वापरत असताना, तो सहज ओलांडला जातो. शिवाय मुलाने प्रश्न ऐकायचा, उत्तर जुळवायचं, माइकचं बटण शोधायचं, ते दाबायचं आणि मग बोलायचं. यात चार-पाच सेकंद सहज जातात.

आता यात छात्रशिक्षक बसवून पाहा. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, एरवी गप्प राहणारी मुलंही बोलतात. प्रत्यक्ष वर्गातही नवख्याला तीन सेकंद थांबणं जड जातं. ऑनलाइन वर्गात तेवढ्या वेळात माइकसुद्धा सुरू होत नाही. तिसऱ्या सेकंदाला छात्रशिक्षक घाबरतो आणि स्वतःच उत्तर देतो. नेमकं तेव्हाच एका मुलाचा माइक सुरू होतो, दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, ‘बोल, बोल’ म्हणेपर्यंत मूल माइक बंद करतं. त्या तासात ते पुन्हा बोलत नाही. दोन-तीन वेळा असं झालं की सगळा वर्ग शिकतो: थांबलं की उत्तर आपोआप मिळतं.

यावर उपाय होते आणि ते महागडे नव्हते. प्रश्न विचारण्याआधीच सांगायचं की ‘आता मी दहा सेकंद गप्प राहणार आहे’, आणि मनात खरोखर दहा मोजायचे. शांततेला नाव दिलं की ती दोन्ही बाजूंना बोचत नाही. दुसरा उपाय लेखी उत्तरांचा: सर्वांनी चॅटच्या चौकटीत उत्तर लिहायचं, पण ‘पाठवा’ म्हणेपर्यंत कोणीही पाठवायचं नाही. मिनिटभराने तीन मोजून सांगितलं की सगळी उत्तरं एकदम कोसळतात. पहिल्या हुशार मुलाचं बघून बाकीच्यांनी उतरवण्याची सोय राहत नाही आणि वर्गातल्या तीस-पस्तीस मुलांच्या डोक्यात काय आहे ते एका नजरेत दिसतं. हे प्रत्यक्ष वर्गातही इतक्या सहज जमत नाही. मात्र त्यानंतर दोन-चार उत्तरं नावासकट मोठ्याने वाचायलाच हवीत. न वाचलेलं उत्तर म्हणजे न ऐकलेलं उत्तर, आणि मुलं ते लगेच ओळखतात.

तिसरा उपाय: नाव घेऊन विचारताना आधी नाव, मग थोडा अवकाश, मग प्रश्न. प्रत्यक्ष वर्गासाठी उलटं शिकवलं जातं, आधी सर्वांना प्रश्न आणि मग नाव, म्हणजे सगळे विचार करतील. पडद्यावर नाव शेवटी आलं तर मुलाला प्रश्न पुन्हा विचारावा लागतो, कारण त्याचं लक्ष बटण शोधण्यात गेलेलं असतं. मार्गदर्शकांनी जुन्या निरीक्षणतक्त्यावर यासाठी गुण कापले, तेव्हा छात्रशिक्षकांची पंचाईत झाली. नियमामागचं कारण पाहायचं की नुसता नियम, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा उघडपणे समोर आला.

कॅमेरे बंद का होते, याबद्दल तेव्हा मुलांवर फार राग निघाला. कारणं समजून घेतली तर राग राहत नाही. एकाच खोलीत कुटुंब वावरत असतं, मागे कोण दिसेल याचा संकोच असतो, डेटा लवकर संपतो, फोन आईवडिलांचा असतो, आणि किशोरवयात स्वतःचा चेहरा तासभर समोर असणं हीच शिक्षा असते. शिवाय कॅमेरा सुरू असला म्हणजे लक्ष आहे असं मुळीच नाही. कॅमेऱ्याची सक्ती न करता हजेरी ‘दिसण्या’ऐवजी ‘करण्या’वरून ठरवणारे छात्रशिक्षक अधिक सावरले: दर सात-आठ मिनिटांनी काहीतरी लहान कृती. एका शब्दात उत्तर, अंगठ्याची खूण, कागदावर आकृती काढून क्षणभर कॅमेऱ्यापुढे धरणं.

छात्रशिक्षकाचा स्वतःचा चेहरा हाही एक अडथळा होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ सभांच्या थकव्याची चार कारणं सांगितली: खूप जवळून रोखलेल्या अनेक नजरा, हावभाव देण्या-समजण्याचा वाढलेला ताण, सतत स्वतःला पाहत राहणं आणि एका जागी खिळून बसणं. नवख्या शिक्षकाला यातलं तिसरं आणि चौथं फार नडतं. आधीच तो स्वतःकडेच लक्ष देऊन असतो. आवाज नीट येतोय ना, हात कुठे ठेवू. त्यात आरसा समोर. स्वतःची चौकट लपवण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. पाठ सुरू होताच ती वापरणं आणि जमल्यास उभं राहून शिकवणं, या दोन गोष्टींनी आवाजात आणि धीटपणात फरक पडतो. उभं राहायचं तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा आणि मायक्रोफोन असलेला इअरफोन हवा, नाहीतर दूर गेलेला आवाज खोलीत घुमतो.

चाळीस मिनिटांतली वीस मिनिटं

पाठ टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, हा छात्रशिक्षकाचा जीव की प्राण. उद्दिष्टं, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, संकलन, मूल्यमापन, गृहपाठ. चाळीस मिनिटांच्या तासासाठी हे सगळं बसवायला ते शिकलेले असतात. ऑनलाइन तासात पहिली पाच-सात मिनिटं मुलं आत येण्यात जातात, दोन मिनिटं ‘आवाज येतोय का’ यात, मध्ये एकदा तरी कोणीतरी बाहेर फेकलं जातं, शेवटची पाच मिनिटं गृहपाठाच्या सूचना पुन्हापुन्हा सांगण्यात. उरतात वीस-बावीस मिनिटं. टाचण तसंच राहिलं तर छात्रशिक्षक मधोमध धावायला लागतो, आणि धावताना सर्वांत आधी मुलांचं बोलणं कापतो.

ज्यांनी टाचण मुळातून बदललं त्यांचं गणित असं होतं: एका तासाला एकच उद्दिष्ट, दोन कळीचे प्रश्न, एक कृती. गृहपाठ तासाच्या आधीच लेखी पाठवलेला. पहिल्या पाच मिनिटांत उशिरा येणाऱ्यांचं नुकसान होणार नाही असा एखादा प्रश्न पडद्यावर ठेवलेला. आणि टाचणाच्या समासात एक नवा रकाना: ‘जोडणी तुटली तर’. त्यात कोणता विद्यार्थी सहकारी सभा चालू ठेवेल, मुलं तेवढ्या वेळात काय करतील, आपण कोणत्या क्रमांकावरून परत येऊ, हे लिहिलेलं. हा रकाना ज्यांच्याकडे होता त्यांना तो क्वचितच लागला, पण तो असल्यामुळे त्यांचा आवाज कापत नव्हता.

सूक्ष्म अध्यापनाचं काय झालं हेही सांगण्यासारखं आहे. ही पद्धत १९६३च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी घडवली. एकावेळी एकच कौशल्य, थोडी मुलं, थोडा वेळ. भारतात जे चक्र रुळलं त्यात ६ मिनिटं अध्यापन, ६ मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे पाठ कसा झाला ते सांगणं), १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुन्हा अध्यापन आणि ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण, असे एकूण ३६ मिनिटं लागतात. झूमच्या मोफत खात्यावर सामूहिक सभा ४० मिनिटांत बंद होते. म्हणजे एका छात्रशिक्षकाचं एक चक्र कसंबसं बसतं, आणि लोक जमेपर्यंत पाच मिनिटं गेली की शेवटचं प्रत्याभरण वाक्याच्या मध्येच तुटतं. दहाजणांच्या गटाने एकेकाचं पूर्ण चक्र करायचं तर सहा तास लागतील. म्हणून पुष्कळ ठिकाणी पुनर्नियोजन आणि पुनरध्यापन वगळलं गेलं. पण या पद्धतीचा सगळा कस त्या दुसऱ्या प्रयत्नातच आहे. पहिला प्रयत्न चुका दाखवतो, दुसरा त्या सुधारता येतात याचा विश्वास देतो. त्यापेक्षा सोपा मार्ग होता: पुनर्नियोजनाची १२ मिनिटं सभेबाहेर काढायची. एकजण पुनर्नियोजन करत असताना दुसऱ्याने अध्यापन करायचं. रिलेसारखा क्रम लावला की तेवढ्याच वेळात जवळजवळ दीडपट चक्रं बसतात.

शिवाय सूक्ष्म अध्यापनात ‘विद्यार्थी’ म्हणून सहाध्यायीच असतात. समोरासमोर ते थोडेफार तरी मुलांसारखे वागतात. पडद्यावर सगळे फार सभ्य झाले. प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर आणि शेवटी टाळ्यांची चित्रं. मार्गदर्शकाने आधी प्रत्येकाला एक चिठ्ठी खासगी निरोपात पाठवली, ‘तू ठरावीक चूक करणारा’, ‘तू मध्येच निघून जाणारा’, ‘तू फक्त चॅटमध्ये बोलणारा’, तर पाठाला जीव येतो. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाने याच कल्पनेवर महासाथीच्या कितीतरी आधी आभासी मुलांचा वर्ग तयार केला होता. पडद्यावरच्या मुलांमागे खरा माणूस बोलतो आणि छात्रशिक्षक त्यांना शिकवतो. साथीत अशा साधनांकडे पुन्हा लक्ष गेलं. पण चिठ्ठ्यांना काहीच खर्च येत नाही.

पाठ कोसळायचा तो उजळणीत कधीच दिसत नसे

तांत्रिक बिघाडाचा एक प्रकार इतका नेमाने घडत होता की तो समजून घेण्यासारखा आहे. महिनाभर व्याख्यानं ऐकताना ज्याची जोडणी उत्तम चालली, त्याचाच पाठ सुरू होताच चित्र गोठायचं. कारण ऐकणारा माहिती उतरवून घेतो आणि शिकवणारा ती चढवतो. घरगुती जोडणीत चढवण्याचा वेग उतरवण्यापेक्षा बराच कमी असू शकतो. श्रोता म्हणून ते कधी जाणवतच नाही. म्हणून चाचणी श्रोता म्हणून घेऊन उपयोग नाही. मित्राला समोर बसवून, पडदा सामायिक करून, दहा मिनिटं बोलून पाहायला हवं.

डेटाचा हिशोबही डोळ्यांपुढे असावा. तासाभराच्या व्हिडिओ सभेला दर्जानुसार अर्धा ते दीड जीबी लागतो. नुसता आवाज सेकंदाला ६४ किलोबिटने गेला तर तासाला ३० एमबीच्या आतबाहेर. म्हणजे पंधरा-वीसपट ते पन्नासपट फरक. पडदा सामायिक करताना स्वतःचा कॅमेरा बंद ठेवणं, चित्रफीत सभेतून न दाखवता आधी पाठवून ठेवणं, या दोन सवयींनी बहुतेक पाठ वाचतात. सभेतून दाखवलेली चित्रफीत मुलांकडे तुकड्यातुकड्यांनी पोचते आणि ‘आवाजही सामायिक करा’ ही खूण करायची राहिली तर मुकीच पोचते.

फळ्याची उणीव फोनने भरून काढता येते. पुस्तकांच्या दोन थप्प्या, त्यांवर आडवी जाड पट्टी, पट्टीवर कॅमेरा खाली करून फोन, खाली तीस-चाळीस सेंटीमीटरवर कागद. उजेड बाजूने हवा. वरून आला तर फोनचीच सावली कागदावर पडते. पेन्सिल नको, जाड टोकाचा पेन हवा, आणि अक्षर पाटीवर काढतो तेवढं मोठं, कारण पलीकडे मूल ते बोटभर चौकोनात पाहतंय. समोरच्या कॅमेऱ्यापुढे कागद धरला की स्वतःला अक्षरं उलटी दिसतात आणि छात्रशिक्षक गडबडतो. ती फक्त स्वतःच्या चौकटीत उलटी असतात. मुलांना सुलटीच दिसतात. एवढी एक गोष्ट आधी सांगितली असती तर कितीतरी पाठांची प्रस्तावना वाचली असती.

‘ही तरुण पिढी, यांना तंत्रज्ञान येतंच’ असं धरून चालणं हा मोठा अन्याय होता. शिक्षणमानसशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली दाखवलं की विषय येणं वेगळं आणि तो विषय एखाद्या वयाच्या मुलांना कसा समजेल ते कळणं वेगळं. पुण्यश्लोक मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षणसंशोधकांनी २००६मध्ये त्यात तंत्रज्ञानाची बाजू जोडली: साधन वापरता येणं एक, आणि हा घटक या मुलांना शिकवायला हे साधन उपयोगी आहे का हे ठरवता येणं दुसरं. छात्रशिक्षकाकडे पहिलं असेल, दुसरं यायला विषय आणि मुलं दोन्ही ओळखीची व्हावी लागतात. अनुभवी शिक्षकांकडे ती ओळख होती, साधन नव्हतं. जिथे दोघांनी मिळून पाठ घेतला, एकाने घटक निवडला आणि दुसऱ्याने साधन, तिथे काहीतरी फार चांगलं घडलं. मार्गदर्शक उघडपणे म्हणू लागले, ‘हे मलाही नवीन आहे.’ शिक्षकही शिकत असतो हे छात्रशिक्षकांनी वाचलं होतं. ते समोर घडताना त्यांनी बहुधा तेव्हाच पाहिलं.

मार्गदर्शकाची नजर

पूर्वी मार्गदर्शक मागे बसून वहीत लिहायचे. आता ते कॅमेरा बंद करून यादीत एक नाव होऊन बसले. छात्रशिक्षकासाठी हा विचित्र अनुभव होता: कोणीतरी पाहतंय, पण कुठे पाहतंय ते दिसत नाही. त्यातच दुसऱ्या बाजूने मुलांचे पालक खोलीत असायचे. ज्याने अजून चार पाठही घेतले नाहीत त्याने अनोळखी प्रौढांच्या कानांवर पाठ घ्यायचा, हा ताण फारसा कोणी मोजला नाही.

चॅटमधला खासगी निरोप हे मात्र नवं हत्यार मिळालं. पाठ चालू असतानाच ‘रेश्माचा हात वर आहे’ किंवा ‘सावकाश’ एवढा एक शब्द पाठवता येतो. मागच्या बाकावरून हे शक्य नव्हतं. पण पडदा सामायिक असेल तर तो निरोप अख्ख्या वर्गाला दिसू शकतो. म्हणून निरोप दुसऱ्या उपकरणावर घ्यायचा आणि तासाला दोनच्या वर द्यायचे नाहीत. वाचत शिकवणं नवख्याला झेपत नाही.

ध्वनिचित्रमुद्रणाचा उपयोग सर्वांत मोठा, आणि सर्वांत कमी केला गेला. मुलांचं मुद्रण करायचं तर शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी हवी, ते कोण पाहणार आणि कधी पुसणार हे ठरलेलं हवं. परवानगी नसेल तर फक्त स्वतःचा आवाज फोनवर मुद्रित करावा. मग सगळा तास ऐकायचा नाही, दहा मिनिटं ऐकायची. प्रत्येक प्रश्नापुढे आपण किती सेकंद थांबलो ते लिहायचं. कोणाकोणाची नावं घेतली ते लिहायचं. मुलांचं बोलणं एकूण किती मिनिटं झालं ते मोजायचं. हे तीन आकडे मार्गदर्शकाच्या लांबलचक शेऱ्याहून अधिक शिकवतात, कारण त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

दिवस भरले, सराव भरला का?

शिक्षक होण्याआधी शाळेत ठरावीक काळ घालवावा लागतो. इंग्लंडमध्ये तेव्हा वर्षभराच्या प्रशिक्षणात किमान १२० दिवस शाळेत असत. भारतात दोन वर्षांच्या बी.एड.साठी २०१४च्या नियमांनी २० आठवड्यांचा शालेय अनुभव ठरवला, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. शाळाच बंद असताना हे कसं भरायचं? इंग्लंडने २०२०मध्ये दिवसांची अट सैल केली आणि छात्रशिक्षकाची वाटचाल पाहून शिफारस करायला संस्थांना मुभा दिली. अमेरिकेतल्या काही राज्यांनी परवान्याच्या परीक्षा पुढे ढकलल्या किंवा तात्पुरत्या वगळल्या. इतरत्र मुद्रित पाठांचं विश्लेषण, फोनवरून मुलांची विचारपूस, कृतिपत्रिका, स्वतः तयार केलेल्या चित्रफिती, हे सगळं सराव म्हणून धरलं गेलं.

यातली चित्रफीत पाठ म्हणून धरणं आम्हाला पटत नाही. दहा मिनिटांच्या चित्रफितीसाठी छात्रशिक्षक अख्खा दिवस घालवतो, चुकलं की पुन्हा सुरू करतो, शेवटी निर्दोष काहीतरी हातात येतं. पण त्यात एकही मूल नसतं, त्यामुळे एकही अनपेक्षित उत्तर नसतं. स्पष्टीकरणाचा सराव होतो, शिकवण्याचा होत नाही. त्यापेक्षा फोनवर एका मुलाला अपूर्णांक समजावणं कितीतरी मोलाचं. तिथे मूल म्हणतं, ‘एक छेद तीनपेक्षा एक छेद चार मोठा, कारण चार मोठा आहे’, आणि छात्रशिक्षकाला त्या क्षणी काहीतरी सुचावं लागतं. ज्या संस्थांनी दोन-तीन मुलांचे लहान गट देऊन महिनाभर रोज अर्धा तास शिकवायला लावलं, त्यांच्या छात्रशिक्षकांना मुलं कशी विचार करतात ते भरपूर ऐकायला मिळालं. मोठ्या वर्गात तेवढं जवळून ऐकू येत नाही.

जे राहून गेलं ते शाळा उघडल्यावर दिसलं. पडद्यावर गोंगाट बंद करायला एक बटण होतं. वर्गात ते नसतं. उभं राहून सलग चार तास बोलण्याची सवय घशाला नव्हती. फळ्यावर सरळ ओळीत, मुलांकडे पूर्ण पाठ न फिरवता लिहायचा हात बसलेला नव्हता. मास्क असताना मुलांची नावं लक्षात राहत नव्हती, आणि नाव माहीत नसलं की शिस्त लावणं दुप्पट कठीण होतं. मधल्या सुट्टीत कोण एकटं बसतं, शिक्षकखोलीत कोणत्या मुलाबद्दल हळू आवाजात बोललं जातं, हे कोणत्याही टाचणात नसलेलं ज्ञान त्यांच्या वाट्याला आलंच नव्हतं.

अशा तुकडीतला शिक्षक रुजू झाला, किंवा उद्या पुन्हा कधी शाळा बंद राहून एखादी तुकडी अशीच बाहेर पडली, तर शाळेने पहिल्या सहा आठवड्यांत काय करावं ते फार अवघड नाही. पहिल्या आठवड्यात त्याला पूर्ण तास न देता एकाच वर्गातली हजेरी, वह्या तपासणं आणि शेवटची दहा मिनिटं द्यावीत, म्हणजे नावं बसतात. दुसऱ्या आठवड्यात शाळा सुटल्यावर रोज पंधरा मिनिटं रिकाम्या वर्गात फलकलेखन आणि शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्याचा सराव, ऐकायला एक सहकारी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आठवड्याला दोन तास दुसऱ्याच्या वर्गात मागे बसणं, आणि तिथे विषय न पाहता फक्त शिक्षक कुठे उभा राहतो, केव्हा गप्प होतो, कोणाकडे बघतो ते लिहिणं. पाचव्यापासून स्वतःचे तास, त्यातला एक ज्येष्ठ शिक्षकाने पाहिलेला आणि त्याच दिवशी दहा मिनिटं त्यावर बोललेला. पडद्यावर शिकलेलं टाकून द्यायला सांगू नये. दहा सेकंद थांबायची सवय आणि सगळ्यांकडून एकदम लेखी उत्तर घ्यायची युक्ती वर्गातही तशीच चालते. चॅटऐवजी पाटी किंवा वहीचं मागचं पान पुरतं.